दोन बाजूंची गादी

४ जून

मुंगीबाई,

पत्र पाहून दचकू नकोस, घरी सगळं ठीक आहे. फोनच करणार होते, पण माझं हे कानातलं यंत्र फोन जवळ नेला की शिट्ट्या मारायला लागतं. मग तू "हॅलो हॅलो" आणि मी "काय? काय?" एवढ्यातच बोलणं संपतं. सगळा जन्म पोरांची शुद्धलेखनं तपासण्यात गेला, त्यामुळे लिहायचा मला अजून कंटाळा नाही. आता तूही लिहीतच जा.

आधी कामाचं सांगते. आम्हाला गादी हवी आहे. दुकानातून एक आणली होती. पहिल्याच सकाळी बाबा म्हणाले, फरशीवर झोपलो असतो तर पैसे तरी वाचले असते. ती बदलून दुसरी आणली, तर तिच्यात माणूस असा रुततो की हाताला धरून ओढून काढावा लागतो. म्हटलं, घरात गादीवाली सून असताना आपण दारोदार कशाला हिंडायचं? तू मागे सांगायचीस ना, की फोमचे वेगवेगळे थर एकावर एक ठेवून ज्याच्या-त्याच्या अंगाप्रमाणे गादी करता येते, आणि एकाच गादीच्या दोन बाजू दोन तऱ्हेच्या ठेवता येतात? तशी करून दे. पलंग डबल आहे.

तुझ्या नवऱ्याचं म्हणशील तर तो अजून त्या पुलाच्या कामावरच आहे, तिथेच साइटवर राहतो. मध्ये दोन दिवस येऊन गेला. तुझा विषय निघाला की गप्प होतो, पण उठून जात नाही. यातून काय समजायचं ते समज. भांडून गेलेला माणूस परत यायची वाट शोधत असतो, त्याला जरा वेळ द्यावा लागतो. तू खाण्यापिण्याची हयगय करू नकोस.

तुझी,
आई


१२ जून

आई,

तुमचं अक्षर पाकिटावर पाहिलं आणि मशीन बंद करून तिथेच फोमच्या गठ्ठ्यावर बसून पत्र वाचलं. शेजारची शिवणारी म्हणाली, "माहेरचं का गं?" मी म्हटलं, "सासरचं." तिचा विश्वास बसेना, सासरच्या पत्रावर कोणी एवढं हसतं का म्हणून.

गादी करते. माझ्या हातची, आणि मजुरीचं नाव काढायचं नाही. पण आधी मला सगळं नीट सांगा. अंथरूण पाहून पाय पसरावेत असं म्हणतात, आमच्या कारखान्यात उलटं असतं, पाय पाहून अंथरूण करतो आम्ही.

म्हणजे असं. सगळ्यांत खाली घट्ट फोम, गादीचा पाया. तो चांगला नसेल तर वर मखमल घाला नाहीतर ढग घाला, वर्षात खड्डा पडतो. मधला थर आधाराचा. तो मी लॅटेक्सचा, म्हणजे रबराच्या चिकाचा घालते, दाबला की चटकन उसळून वर येतो. सगळ्यांत वरचा थर आरामाचा. तो साध्या मऊ फोमचा करता येतो, नाहीतर मेमरी फोमचा. मेमरी फोम अंगाच्या उबेने मऊ होतो आणि अंगाचा साचा घेतो. दुखऱ्या सांध्यांना बरा, पण उकाड्याच्या माणसाला नको. हे थर मी एकमेकांना चिकटवत नाही, वरून चेनची खोळ घालते. एखादा थर मानवला नाही तर तेवढाच बदलायचा.

तर सांगा: दोघं कुठल्या कुशीवर झोपता? वजन अंदाजे किती? सकाळी उठल्यावर काय दुखतं? आत्ताच्या गादीवर पडल्यावर कंबरेखालून हात घालून बघा. हात आरपार सुटा गेला तर गादी कडक, आणि शिरलाच नाही तर फार मऊ.

आणखी एक. मालकीणबाई नवा कारखाना काढताहेत, पार दुसऱ्या टोकाच्या शहरात. तिथलं सगळं मी सांभाळावं म्हणतात. हाताखाली माणसं, राहायला दोन खोल्या, पगारही चांगला. मला काम आवडेल, खोटं कशाला बोलू? पण तिकडे गेले की त्याचं-माझं जे काही उरलं असेल ते संपलंच म्हणायचं. महिनाअखेरीला उत्तर द्यायचंय. तुम्ही सांगाल तसं.

मुंगी


२० जून

मुंगीबाई,

तुझ्या प्रश्नांची उत्तरं क्रमाने देते, मार्क कापू नकोस.

बाबा उजव्या कुशीवर, हात उशीखाली घालून. सकाळी उजवा खांदा बधिर झालेला असतो, दहा मिनिटं चोळत बसतात. वजन पंच्याऐंशीच्या आसपास.

माझं म्हणशील तर मी आता डाव्या कुशीवरच झोपते, डॉक्टरांनीच सांगितलंय. दोन गुडघ्यांच्या मध्ये उशी लागते. कंबर आणि मांड्या फार दुखतात. वजन वाढलंय, सगळं पुढेच आलंय. रात्रीतून दोनतीनदा उठावं लागतं आणि उठताना कशाचा तरी आधार लागतो.

घर रंगवायला काढलंय. वासाने बाबांना खोकला होतो म्हणून आम्ही सध्या ओळखीच्यांच्या फ्लॅटवर राहतो. तो पत्ता मागच्या बाजूला लिहिलाय, गादी तिथेच पाठव. पत्रं मात्र घरच्याच पत्त्यावर घाल, मी रोज तिकडे एक फेरी मारते.

आता तुझं. नाही म्हण. मी एरवी कोणाच्या पोटापाण्याच्या आड येणारी नाही, तुला माहीत आहे. पण पुलाचं काम वर्षाअखेर संपतंय. तो इकडे येणार आणि तू त्या टोकाला जाऊन बसलेली असणार, मग मी कोणाला काय तोंड दाखवू? नोकऱ्या काय, पुन्हा मिळतील. माझ्या शब्दावर थांब.

तुझी,
आई


८ जुलै

आई,

गादी आज टेम्पोत चढवली. नाव घालायला जागा असती तर तुमचं नाव घातलं असतं, इतकी छान झालीय.

बाबांचं वाचून हसू आलं. बापलेकांचे खांदे एकाच साच्यातले! तुमच्या लेकाचंही अगदी हेच, उजवी कूस, उशीखाली हात आणि सकाळी चोळत बसणं. म्हणून त्यांच्या बाजूला खांद्यापाशी मधला थर मऊ घातलाय, खांदा आत जाईल आणि मान सरळ राहील. कंबरेपाशी घट्ट. पण बाबा पंच्याऐंशी? आमच्या लग्नात तर त्यांचा कोट हँगरवर टांगल्यासारखा दिसत होता. रंग देणाऱ्यांबरोबर काय खाताय दोघं?

तुमच्या बाजूला वर तीन इंच मेमरी फोम घातलाय. तुम्हाला पंख्याचंसुद्धा वारं सोसत नाही, तेव्हा उबेचा फायदाच होईल. कंबर, मांड्या, सगळं त्यात अलगद बसेल. आणि कडेला घट्ट पट्टा दिलाय, उठताना त्यावर हाताचा रेटा देता येतो. पण आई, वजन वाढणं, सगळं पुढे येणं, रात्री उठावं लागणं, हे मला बरं वाटत नाही. दुसऱ्या डॉक्टरांना दाखवा. रक्त तपासलं का?

मालकीणबाईंना नाही म्हणून सांगितलं. त्या म्हणाल्या, "विचार कर, अशी जागा मी दुसऱ्यांदा देणार नाही." मी म्हटलं, "आमच्या घरच्यांचा शब्द आहे." त्या माझ्याकडे जरा बघत राहिल्या आणि कामाला लागल्या.

गादी आली की लगेच झोपून निवाडा करू नका, थोडे दिवस अंगाला सवय होऊ द्या. मी रजा काढून यायचं म्हणते. स्वतः थर तपासते, तुमच्याकडे दोन दिवस राहते आणि रंग कुठला दिलाय तेही बघते.

मुंगी


१३ जुलै

मुंगीबाई,

गादी मिळाली. फारच सुरेख. बाबा तर उठायलाच तयार नाहीत.

रजा मात्र काढू नकोस. इकडे सगळा पसारा आहे, तुला टेकायला जागा नाही. पावसाचे दिवस, त्यात तुझा प्रवास. आणि तो इथे नसताना तू येऊन जायचीस, त्याला कळलं तर उगाच काहीतरी मनात घेईल. त्यालाच येऊ दे आधी. मी बोलावीन.

तब्येत बरी आहे, काळजी नको.

तुझी,
आई


२ ऑगस्ट

गादीच्या कारखान्यातल्या ताईंना,

तुमचं नाव मला माहीत नाही. खोळीच्या आत कारखान्याच्या पत्त्याची पट्टी शिवलेली सापडली, म्हणून लिहिते. तुम्ही आमची डबल गादी केलीत, एका बाजूला खांद्यापाशी मऊ असलेली. सासूबाई म्हणाल्या, त्यांच्या ओळखीच्या एका मुलीने मजुरी न घेता केलीय, तेव्हा तक्रार करायची नाही, तिला वाईट वाटेल. पण कडेला तो घट्ट पट्टा बघून मला वाटलं, दुसऱ्याच्या कंबरेचा एवढा विचार करणारी बाई रागावणार नाही.

ह्यांची बाजू तर इतकी छान झालीय की काय सांगू. दिवसभर पुलाच्या कामावर उभं राहून येतात, आणि उजवा खांदा जुना दुखरा. आता सकाळी उठून चोळत बसत नाहीत. "आईनेच सगळी मापं कळवली होती," म्हणतात. सासूबाई शाळेत बाई होत्या ना, त्यांचं सगळं असं टापटीप.

माझ्या बाजूचंच जरा बिनसलंय. मला आठवा महिना लागलाय. पडलं की मी आत जाते ती जातेच. कूस बदलायची तर ह्यांना हाक मारावी लागते आणि हे हसतात, म्हणतात क्रेन मागवू का? शिवाय गरम इतकं होतं, जणू तव्यावर झोपलेय. शेवटी मी खाली चटई घालते, पण मग उठताना पंचाईत.

तुम्ही थर बदलून देता असं ऐकलंय. माझ्या बाजूचा वरचा थर बदलून मिळेल का? पैसे मी देईन, फक्त सासूबाईंना कळवू नका. त्या फार करतात माझं, त्यांना उगाच लागायला नको.

तुमची,
तिसऱ्या मजल्यावरची गिऱ्हाईक


६ ऑगस्ट

ताई,

तुमचं पत्र मिळालं. तुमच्या अंगात काही दोष नाही, तेव्हा चटईवर झोपू नका. मला कळवलेलं माप दुसऱ्याच माणसाचं होतं. मेमरी फोम काढून तिथे लॅटेक्स घालावं लागेल, ते उसळतं, कूस बदलायला सोपं जातं, आणि हवा खेळती राहते. थर घेऊन मी स्वतः शनिवारी, सोळा तारखेला येते. तोवर वरचा थर नुसता ओढून काढा आणि खालच्यावर जाड चादर घालून झोपा.

पैसे नकोत.

गादी करणारी


६ ऑगस्ट

आई,

हा शब्द लिहून खोडला होता. दुसरा सुचेना म्हणून पुन्हा लिहिलाय.

तुमच्या सुनेचं पत्र आलं. नव्या सुनेचं. फार गोड पोरगी आहे. तिला वाटतं मी तुमच्या ओळखीची एक मुलगी आहे. तुम्ही तसं सांगितलंत? बरोबरच सांगितलंत म्हणा. ओळख होतीच आपली.

पत्र आलं तेव्हा हातात कापायची सुरी होती. मालकीणबाईंनी ती काढून घेतली आणि मला खुर्चीत बसवलं. त्यांना वाटलं कोणीतरी गेलं. मी म्हटलं, हो, गेलं.

मला एवढंच सांगा. तुम्ही "डाव्या कुशीवर झोपते" असं लिहिलंत, "सगळं पुढे आलंय" असं लिहिलंत, तेव्हा तुमचा हात एकदाही अडला नाही? मी इथे तुमच्या रक्ताच्या तपासण्यांची काळजी करत होते. शेजारणीला सांगत होते की आमच्या आईंना बरं नाही. मेमरी फोमचे चार तुकडे मी दाबून बघितले आणि पाचवा घेतला, कारण तो हाताला सगळ्यांत उबदार लागला. तुमची कंबर डोळ्यांपुढे धरून बसले होते मी. आणि अंथरूण घालत होते माझ्याच नवऱ्याचं, दुसरीसाठी.

त्याचं मला एवढं वाटत नाही, खरंच सांगते. त्याचं-माझं पटत नव्हतं ते भिंतींनासुद्धा माहीत होतं. तो गेला, तर नवरे जातात, ऐकलंय. पण तुम्ही? भांडण झालं त्या दिवशी मला कुशीत घेऊन बसलात त्या तुम्ही? तुमच्या शब्दावर मी मान ठेवली आणि तुम्ही केसाने गळा कापलात.

नव्या कारखान्यावर दुसरीला नेमलं. गेल्या सोमवारी ती गेली. तिचं सामान बांधायला मीच मदत केली, आणि मनात म्हणत होते, जाऊ दे, माझं घर परत येतंय.

शनिवारी, सोळाला मी त्या फ्लॅटवर जाते आहे, थर बदलायला. चुकीच्या मापाची गादी माझ्या हातून जाऊन तशीच राहिलेली मला चालत नाही.

मुंगी म्हणत होतात ती


१० ऑगस्ट

पोरी,

तू काय काय म्हणशील ते सगळं मी स्वतःला म्हणून झालंय. तरी लिहिते.

यंत्र शिट्टी मारत नाही. चांगलं चालतं. फोनवर माझा आवाज फुटला असता आणि तू एका वाक्यात ओळखलं असतंस. वर्गात पोरांनी आणलेल्या खोट्या चिठ्ठ्या मी लांबून ओळखायचे, कारण त्या फार सुवाच्य असायच्या. माझी पत्रं तशीच होती. तू ओळखली नाहीस, कारण तू संशयाने वाचत नव्हतीस.

गेल्या वर्षी तो तिला घेऊन आला. म्हणाला, लग्न करतोय, यायचं तर ये. बाबा गेले नाहीत. मी गेले. नाही गेले असते तर मुलगा गेला असता. आपलेच दात आणि आपलेच ओठ, कोणाला काय म्हणायचं? पुढे तिला दिवस गेले. ती मुलगी वाईट नाही, तिला त्याने सांगितलंय की तू सह्या करून मोकळी झालीस. मला म्हणाला, "आई, मुंगीला आत्ता कळलं तर ती कोर्टात जाईल. मूल होऊ दे, मग मी तिला समजावून सही घेतो. तोवर तिला तू सांभाळ." सांभाळ म्हणजे काय ते मला कळलं होतं. मी तुला आशेवर ठेवलं.

पण त्या नोकरीचं मात्र त्याने सांगितलं नव्हतं, ते माझं. तू एवढ्या लांब गेली असतीस तर हळूहळू लिहायचीही बंद झाली असतीस. मला नातवंड हवं होतं आणि तूही हवी होतीस. दोन्ही डगरींवर हात ठेवायला गेले मी. बाबा माझ्याशी कामापुरतंच बोलतात. "त्या पोरीकडून गादी मागवलीस तेव्हा लाज वाटली नाही?" असं एकदाच म्हणाले. मी म्हटलं, तिच्याइतकी चांगली कोण करणार? हे उत्तर नव्हे, मला कळतं.

आता पदर पसरते. शनिवारी जाऊ नकोस. थर टेम्पोने पाठव. तिचे दिवस भरत आलेत. या अवस्थेत तिला काही कळलं आणि काही कमीजास्त झालं, तर तुझंच मन तुला खाईल. मूल होऊ दे. मग मी स्वतः तिला सांगेन.

आई


२० ऑगस्ट

शेवटी गेलीसच. सांगितलंसच. एवढं हात जोडून लिहिलं होतं.

ती दुसऱ्याच दिवशी मावशीकडे निघून गेली. एक पिशवी घेऊन. याचा फोन उचलत नाही. हा माझ्यावर ओरडतो, म्हणतो तुझ्याच गादीच्या हौसेने माझं घर मोडलं. मी त्या रिकाम्या फ्लॅटमध्ये बसून त्याला जेवायला वाढते आणि तो ताट सरकवतो.

सूड घ्यायचाच होता तर माझ्यावर घ्यायचास. त्या पोरीने तुझं काय वाकडं केलं होतं? मी तुला एवढी निष्ठुर समजले नव्हते.


१ सप्टेंबर

आई,

काय झालं ते एकदा सगळं लिहिते. त्याच्याकडून तुम्ही त्याचंच ऐकलं असेल.

मी ठरवून गेले नव्हते. खरं सांगायचं तर तुमचं पत्र पिशवीतच होतं आणि जिना चढताना मी स्वतःला बजावत होते, थर बदलायचा, पाणी प्यायचं आणि निघायचं. दार तिनेच उघडलं. पाय सुजलेले, केस कसेतरी वर बांधलेले. मला बघून म्हणाली, "अय्या, तुम्ही एवढ्या लहान आहात? सासूबाई मुलगी म्हणाल्या, तरी मला वाटलं कोणी मोठ्या बाई असतील." आणि मला खुर्ची द्यायला स्वतः वाकली.

खोळ काढली, थर बदलला. तिला पडायला सांगितलं, डाव्या कुशीवर. कंबरेखालून हात घालून बघितला. बरोबर बसला होता. तिने एकटीने कूस बदलली, परत बदलली, आणि हसायलाच लागली. म्हणाली, "क्रेनची गरज संपली." मीही हसले, आई. तेवढ्या वेळापुरतं मी विसरले होते मी कोणाच्या घरात आहे.

मग खोळ घालताना मी त्याची उशी उचलून त्याच्या बाजूला ठेवली. आतल्या भिंतीकडे. कोणी सांगितलं नव्हतं, हाताने आपोआप ठेवली. ती बघत होती. म्हणाली, "हे भिंतीकडे झोपतात ते तुम्हाला कसं माहीत?"

मला खोटं बोलता आलं असतं. खांद्याच्या थरावरून ओळखलं म्हणाले असते तर तिला पटलंही असतं. पण ती इतकी सरळ बघत होती, की मला मी आठवले. अशाच डोळ्यांनी मी तुमची पत्रं वाचायचे. मी म्हटलं, "मी कितीतरी वर्षं त्याच्या शेजारी झोपलेय."

ती पलंगाच्या कडेवर बसली. रडली नाही. म्हणाली, "तुम्ही सह्या करून गेलात ना?"

"मी कशावरच सही केलेली नाही. मला कोणी कागदच दाखवले नाहीत."

"मग मी कोण?"

 मी तिच्या शेजारी बसून तिच्या हातावर हात ठेवला. तिने माझा हात धरला नाही आणि झटकलाही नाही. मग विचारलं, "सासूबाईंना माहीत होतं?" मी म्हटलं, हो. तेव्हा मात्र ती रडली. त्याचं कळलं तेव्हा नाही, तुमचं कळलं तेव्हा. म्हणजे दोघींची गत एकच.

तेवढ्यात तो आला. दारात मला पाहून त्याचा पहिला शब्द काय असेल? "तुला आईने सांगितलं?" म्हणजे मी कशी आहे, इथे काय करतेय, ही का रडतेय, हे काहीच नाही. कोण फुटलं, एवढंच. मी काढलेला थर गुंडाळून उचलला. तो म्हणाला, "दे, मी खाली नेऊन देतो." मी म्हटलं, "नको, खांदा दुखेल." आणि निघाले.

आता तुमच्या प्रश्नाचं उत्तर. हो, वाईट वाटलं मला तिच्यासाठी. अजून वाटतं. पण "मूल होऊ दे, मग सांगते" हे तुम्ही मला लिहिलंत, आणि तिला काय सांगत होतात? मूल झालं असतं तर ते रांगू दे, मग चालू दे म्हणाला असतात. तुमचा "मग" कधीच येत नाही. मी तो वर्षभर जगले आहे.

तिचं मला पत्र आलंय. मावशीकडे बरी आहे. गादीच्या तिच्या बाजूचे थर तिकडे नेता येतील का, असं विचारलंय. मावशीचा पलंग सिंगल आहे, त्या मापाचे कापून देते म्हणून कळवलंय.

मी परवा वकीलबाईंकडे गेले. घटस्फोटाचा अर्ज केलाय. त्यांनी विचारलं, त्याने दुसरं लग्न केलं त्याला साक्षीला कोण आहे? त्याचे मित्र काही यायचे नाहीत. मी तुमचं नाव दिलंय. तुम्ही तिथे हजर होतात, तुमच्याच पत्रात आहे.

ते पत्र मी वकीलबाईंना दिलेलं नाही, देणारही नाही. कागदावर तुम्ही पुष्कळ लिहिलंत. यावेळी उभं राहून, त्याच्यासमोर, तोंडाने सांगायचंय. त्याची आई म्हणून काय वाटायचं ते वाटेल तुम्हाला, मी सोपं आहे म्हणत नाही. नाही आलात तर मी तुमच्यावर जबरदस्ती करणार नाही, दुसरा पुरावा शोधेन.

तारीख अजून पडलेली नाही. पडली की बोलावणं घरच्या पत्त्यावर येईल. येणार की नाही, तेवढंच कळवा. बाकी काही लिहू नका.